साथ आधी दवाखान्यात येते

१९६१ साली केर व्हाइट नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक हिशेब मांडला. माहिती अमेरिका आणि इंग्लंडमधली होती. हजार प्रौढ माणसं घेतली, तर एका महिन्यात त्यातल्या साडेसातशे जणांचं काही ना काही दुखतं-खुपतं. अडीचशे जण डॉक्टर गाठतात. रुग्णालयात दाखल होतात फक्त नऊ. आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत पोचतो एक. हजारांत एकच माणूस!

आता गंमत बघा. वैद्यकशास्त्राची जाडजूड पुस्तकं, महागडी यंत्रं, वर्तमानपत्रांतले मथळे हे सगळं त्या एकाभोवती फिरत असतं. साथ मात्र त्या अडीचशेंच्या गर्दीत सुरू होते. आपल्या बारामती-इंदापुरात आकडे थोडे इकडचे तिकडे होतील, उतरंड हीच राहील. भिगवणला किंवा निमगाव केतकीला एखादा नवा ताप आला, तर तो पुण्याच्या ससूनला कळायच्या कितीतरी आधी एसटी स्टँडजवळच्या एका शटरच्या दवाखान्यात येऊन बसलेला असतो. बाकड्यावर, नंबर लावून. डॉक्टर बीएएमएस असतील, बीएचएमएस असतील, क्वचित एमबीबीएस. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नसतो. पण एक गोष्ट असते जी जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत नाही. कोण कुणाचं कोण आहे, कोण कुठे कामाला जातं, कुणाच्या घरी परवा कार्य होतं, हे त्यांना ठाऊक असतं.

एवढ्याशा माहितीवर काय होऊ शकतं, हे बघायला आधी मुंबईला जाऊ. सप्टेंबर १८९६. मांडवी भागात अकासियो व्हिएगस हे डॉक्टर रुग्ण तपासत होते. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. वस्तीत ताप होता, जांघेत गाठी होत्या आणि माणसं दोन-चार दिवसांत जात होती. व्हिएगसांनी निदान सांगितलं: प्लेग. गजबजलेल्या बंदराच्या शहरात हा शब्द कुणालाच ऐकायचा नव्हता. पण ते बरोबर होते. पुढे शास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत आले, त्यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये करोनासाठी महाराष्ट्रात लागू झाला तो हाच, सव्वाशे वर्षांचा म्हातारा कायदा. एका व्यवसायी डॉक्टरच्या तपासणीच्या खोलीतून सुरू झालेली ही साखळी. व्हिएगसांचा पुतळा मुंबईत मेट्रो सिनेमाजवळ आहे. तिथून रोज जाणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना तो कुणाचा हे माहीत असेल, कोण जाणे.

पुण्यात त्याच प्लेगचं पुढे काय झालं हे आपण शाळेत शिकलो. इंग्रज अधिकारी रँडच्या सोल्जरांनी घरं धुंडाळली आणि लोकांनी रुग्ण लपवले. त्याच साथीत हडपसरजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या उपचार केंद्रात सावित्रीबाई फुले रुग्णांना घेऊन येत होत्या. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या. शहर एक, रोग एक. बंदूकवाल्यापासून माणसं आजार लपवतात आणि ओळखीच्या डॉक्टरला न विचारता सगळं सांगतात. साथ शोधायची तर हा फरक औषधाइतकाच महत्त्वाचा आहे, असं माझं मत आहे.

पण मला सर्वांत थक्क केलं ते विल्यम पिकल्स यांनी. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातल्या एका खोऱ्यातले हे खेडवळ डॉक्टर. आठ-दहा गावं, साडेपाच-सहा हजार वस्ती, मेंढरं आणि चीज. १९२९ मध्ये तिथे काविळीची साथ आली आणि अडीचशेच्या आसपास माणसं पिवळी पडली. पिकल्स रोज रात्री आलेखाच्या कागदावर नोंदी करू लागले: कोण, कुठल्या गावचा, कुठल्या तारखेला. काविळीने अंथरुणात पडलेली एक मुलगी त्यांनी सकाळी तपासली होती आणि दुपारी ती गावच्या मेळाव्यात भांडी विसळत होती, हे त्यांना आठवत होतं. कोणता मुलगा कोणत्या मुलीला चोरून भेटतो हेही त्यांना माहीत. शहरातल्या डॉक्टरला हे कळणं शक्य नाही. त्या भेटीच्या तारखा आणि डोळे पिवळे झाल्याच्या तारखा समोरासमोर ठेवून त्यांनी सांगितलं, की ही कावीळ शिरल्यापासून दिसेपर्यंत २६ ते ३५ दिवस घेते.

या काविळीचा विषाणू सापडला १९७३ मध्ये! म्हणजे शत्रू दिसायच्या चाळीसहून अधिक वर्षं आधी एका गावच्या डॉक्टरने त्याचं वेळापत्रक लिहून काढलं होतं. साधनं काय, तर पेन, कागद आणि गावातल्या भानगडींची माहिती. १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि इंग्लंडात फॅमिली डॉक्टरांचं कॉलेज स्थापन झालं तेव्हा पहिले अध्यक्ष तेच झाले.

या वेळापत्रकाची खरी मजा आपल्याकडे आषाढात कळते. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, आणि नीरा ओलांडून अकलूज. समजा, बारामतीच्या मुक्कामात कुणी दूषित पाणी प्यायलं. पटकी काही तासांत ते पाच दिवसांत उठते, म्हणजे जुलाब-वांतीचा रुग्ण अंथुर्ण्याच्या नाहीतर इंदापूरच्या डॉक्टरकडे येणार. विषमज्वराला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर बहुधा पंढरपूरचं दर्शन होऊन माणूस घरी परतलेला असतो. आणि काविळीचा महिना भरेपर्यंत तो पेरणीच्या पुढच्या कामाला लागलेला असतो, वारी त्याच्या ध्यानातही नसते. पाणी एकच, पण त्याचा हिशेब तीन वेगवेगळ्या तालुक्यांतल्या तीन डॉक्टरांच्या वहीत विखरून पडतो. म्हणून जाणता डॉक्टर काविळीच्या माणसाला ‘काल काय खाल्लं’ असं विचारत नाही. तो विचारतो, ‘महिन्यापूर्वी कुठे होतात?’

दिवाळीच्या सुमाराला दुसरी वारी सुरू होते, कोयत्याची. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कारखाने यांचा गळीत हंगाम पेटला की बीड-नगरकडून ऊसतोड टोळ्या येतात. शेताच्या कडेला कोप्या पडतात, पाणी मिळेल तिथलं. मुलांच्या लसीचं कार्ड गावी राहिलेलं असतं, डोस चुकलेला असतो. गोवर हा जगातल्या सर्वांत संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो, आणि त्याचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तास तरंगतो. मुकादम एका लेकराला फटफटीवर घेऊन येतो, अंगावर पुरळ, डोळे लाल, नाक वाहतंय. डॉक्टरने त्याला औषध दिलं तर एक मूल बरं होईल. ‘कोप्यांवर आणखी कुणाला ताप आहे का?’ असं विचारलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन केला तर एक साथ थांबेल. अट एकच, ते मूल बाकीच्यांबरोबर तासभर बाकड्यावर बसलेलं नको. दाटीवाटीचा दवाखाना हाही साथीचा एक थांबा असतो.

डेंगीचं तर आणखी नवल. पाणी जास्त तिथे डास, असं आपण धरून चालतो. इंदापूरच्या बाजूला उजनीचा अथांग फुगवटा आहे, पण डेंगीच्या डासाला त्या पाण्याशी देणंघेणं नाही. त्याला हवं स्वच्छ, साठवलेलं, घरातलं पाणी. म्हणून बारामतीच्या जिरायती पट्ट्यात, जिथे टँकरची वाट बघत बॅरल भरून ठेवतात, तिथे टंचाईतही तो सुखाने वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा’ हा सरकारी मंत्र याच हिशेबातून आला. अंडी मात्र कोरड्या बॅरलच्या कडेला महिनोन्‌महिने चिकटून जिवंत राहतात, म्हणून बॅरल नुसता रिकामा करून भागत नाही, घासावा लागतो. आणि हा डास फार लांब उडत नाही. एका गल्लीतले तीन ताप एका आठवड्यात आले, तर बॅरल त्याच गल्लीत आहे. हे नकाशा न काढता सांगू शकणारी व्यक्ती गावात एकच असते.

शेजारच्या पुरंदर तालुक्यातलं बेलसर आठवा. जुलै २०२१ मध्ये तिथे तापाचे रुग्ण वाढले. करोनाचे दिवस, ताप म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव. पण इथे सांधे दुखत होते. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले, चिकुनगुनिया निघाला. संस्थेचं पथक गावात आलं, आणखी रक्त तपासलं, आणि त्यात चिकुनगुनिया, डेंगी यांच्या जोडीला एक झिका सापडला. महाराष्ट्रातला पहिला झिका. ‘यंदाचा ताप काहीतरी वेगळा आहे’ असं गावात कुणाला तरी आधी वाटावं लागतं. त्याशिवाय विषाणूशास्त्रातली सगळी हुशारी पुण्यातच बसून राहते.

करोनात बारामतीचं नाव राज्यभर झालं. मार्च २०२० च्या अखेरीस पहिला रुग्ण सापडला आणि एप्रिलमध्ये राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर शहर बंद करून घरोघरी तपासणी झाली. भिलवाड्यात साथ उघडकीला आली ती एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांत, हे इथे नोंदवायला हवं. डॉक्टर साथीचा पहिला साक्षीदार असतो, तसाच पहिल्या बळींतलाही. त्या काळात अनेक दवाखाने बंद राहिले, लोक चिडले. पण कापडी मास्क लावून दहा-बाय-बाराच्या खोलीत बसणाऱ्याची भीती खोटी नव्हती. खासगी दवाखाना चालवताना मरण पावलेल्या डॉक्टरांच्या घरच्यांना ५० लाखांचा विमा मिळावा की नाही, हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

दुसऱ्या लाटेत सरकारला फॅमिली डॉक्टर आठवला. मे २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि करोना कृती दलाचे तज्ज्ञ यांनी राज्यभरच्या डॉक्टरांशी ऑनलाइन संवाद साधला. नाव होतं ‘माझा डॉक्टर’. बहुतेक रुग्ण घरीच बरे होत होते, आणि घरी असलेल्यांवर नजर कोण ठेवणार? बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, सहा मिनिटं चालून पुन्हा मोजणी, आकडा ९४ च्या खाली गेला की हलवा. या रोगाचा दगा असा, की प्राणवायू उतरला तरी माणूस हसून बोलत असतो. ‘मला काय झालंय’ म्हणणाऱ्या आजोबांना रुग्णवाहिकेत बसायला भाग पाडायचं, तर त्यांच्या मुलाचा जन्मही ज्याला माहीत आहे असाच डॉक्टर लागतो. माझी तक्रार एवढीच, की ही आठवण व्हायला चौदा महिने लागले.

कौतुक झालं, आता दोष. हाच डॉक्टर साथ झाकूही शकतो. पहिल्याच दिवशी प्रतिजैविक, वर स्टेरॉइडचं इंजेक्शन. ताप उतरतो, रुग्ण खूश, आणि चार दिवसांनी विषमज्वरासाठी रक्ताचं कल्चर केलं तर त्यात काही उगवत नाही. अर्थात ‘सुई द्या’ म्हणून आपणच हटून बसलेले असतो. दुसरं, कळवणं. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. आरोग्यसेवक लक्षणं कळवतात, डॉक्टर संशयित निदान, प्रयोगशाळा पक्कं निदान. क्षयाचा रुग्ण कळवणं खासगी डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे. पण बाकी तापांच्या बाबतीत खासगी दवाखाने या जाळ्यात फारसे आलेलेच नाहीत. फ्रान्समध्ये १९८४ पासून स्वेच्छेने नोंद करणाऱ्या डॉक्टरांचं जाळं आहे, आणि फ्लू कुठल्या भागात चढतोय हे त्यावरून आठवड्याच्या आठवड्याला कळतं. इथे डॉक्टरने कळवलं तर त्याला परत काही उत्तर येत नाही, हे आपल्याकडे तसं न होण्याचं मोठं कारण असावं. ज्या पेटीतून कधीच पत्र येत नाही, तिच्यात कोण किती दिवस टाकणार?

पुण्याचंच उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सिंहगड रस्ता परिसरात माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. गुलियन-बॅरे सिंड्रोम, संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. अनेकांना त्याआधी जुलाब झाले होते, आणि तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. या रोगाची रीतच अशी: पोट बिघडतं, बरं होतं, आणि एक ते तीन आठवड्यांनी शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. लुळेपणा मोठ्या रुग्णालयात दिसतो. जुलाबाचा रुग्ण मात्र त्याच्या आधी गल्लीतल्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन गेलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कणकण वाटली तर डॉक्टर बदलत फिरू नका, एकाकडेच जा. घरात, शेजारी, कामावर आणखी कुणाला असंच होतंय का, गेल्या महिन्यात कुठे गेला होता, पाणी कुठलं प्यायलात, हे त्यांनी नाही विचारलं तरी सांगा. आणि निघता निघता, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा नंबर त्यांच्याकडे आहे का, तेही एकदा विचारून टाका.