नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आपल्या मराठी भाषेची एक गंमत अशी की, 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोहोंत अंतर अवघ्या एका मात्रेचे आहे. बाराव्या दिवशी पाळण्याशी वाकून आत्याबाई बाळाच्या कानात सांगतात ते नाव ठेवणे. आणि त्याच आत्याबाई पुढे भावजयीच्या स्वयंपाकाविषयी जे बोलतात ते नावे ठेवणे. घरात या दोन क्रिया सहसा निरनिराळ्या वेळी घडतात. परंतु आपल्या समाजात काही लोक असे आहेत की, त्यांच्या बाबतीत शतकानुशतके त्या दोन्ही एकदमच उरकल्या गेल्या. मनुस्मृतीतील नामकरणाच्या विधानात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असे स्वच्छ सांगितले आहे. ज्यांस चार वर्णांच्याही बाहेर उभे केले, त्यांच्या वाट्यास काय आले असेल हे सांगावयास नकोच.

हा विषय सुचण्यास कारण आमच्याच घरी घडलेली एक लहानशी गोष्ट. आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरात आहेत. रात्रीच्या सोबतीस त्यांच्याकडे एक तरुण परिचारिका येत असे. मुलगी मोठी गुणी. औषधे वेळेवर देई, वेणी घालून देई, झोप येत नसली की वर्तमानपत्र वाचून दाखवी. गेल्या दसऱ्यास ती दिवसभर दीक्षाभूमीवर होती आणि सायंकाळी वेळेवर कामास हजर झाली. घरी सोने देण्यास आप्तमंडळी जमली होती. मातोश्रींनी कौतुकाने तिचा हात धरला आणि सर्वांस म्हणाल्या, "ही आमची मुलगीच समजा. हरिजन आहे हो, पण किती स्वच्छ, किती लाघवी!" मुलीने हातातील औषधाची वाटी खाली ठेवली आणि हलकेच म्हटले, "आजी, आम्ही बौद्ध." पुढे महिना भरला आणि तिने दुसरीकडे काम पाहिले. कारण विचारले तेव्हा 'अंतर लांब पडते' एवढेच म्हणाली. अंतर कोणते, हे आम्ही समजलो.

मातोश्रींस फार लागले. त्यांचे वडील खादीधारी, वर्ध्याच्या वाऱ्या केलेले. 'हरिजन' हा शब्द त्यांनी लहानपणी मोठ्या आदराने ऐकलेला. "मी वाईट काय बोलले?" हा त्यांचा प्रश्न. त्यावर घरात जी चर्चा झाली ती पुष्कळ घरांत होत असेल. वहिनी म्हणाल्या, 'दलित' म्हणावे. वर्तमानपत्रांत तसेच असते. पुतण्या म्हणाला, सरकारी कागदावर 'अनुसूचित जाती' आहे, तेच निर्धोक. थोरले बंधू वैतागून म्हणाले, "आता घरात तोंड उघडण्याचीही चोरी झाली!" एका मुलीसाठी एका घरात तीन शब्द निघाले, मात्र तिने स्वतः सांगितलेला शब्द कोणाच्याच तोंडी आला नाही.

वास्तविक आपण नागपूरकरांस तरी या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावयास पाहिजे. कारण या नावांचा बराचसा इतिहास आपल्याच गावात घडला आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 साली मुंबईस जी संस्था काढली, तिचे मराठी नाव 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी' असे होते. नागपूरचे किसन फागूजी बनसोडे यांनी 1910 मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक' नावाचे पत्र काढले. शब्द तोच 'निराश्रित'; पण त्यास 'नागरिक' जोडताच त्याचा सूर पालटला. पुढच्या त्यांच्या पत्रांची नावे 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' आणि 'चोखामेळा' अशी. एका माणसाच्या एका हयातीतील ही चार नावे ओळीने वाचावी, म्हणजे स्वतःस काय म्हणवून घ्यावे याचा शोध किती कष्टाचा असतो हे कळते.

1920 मध्ये नागपुरास शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली ती 'बहिष्कृतां'ची. 'बहिष्कृत' म्हणताच 'कोणी केले?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्या शब्दात दोषाचे बोट करणाराकडे वळलेले आहे. 1942 च्या जुलैत याच शहरी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 'शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन' स्थापन झाले. 1935 च्या कायद्यातील रूक्ष संज्ञा हक्काचे साधन म्हणून हाती घेतली गेली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, विजयादशमीस, लक्षावधी लोकांनी दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माचा स्वीकार केला. आणि 1957 च्या ऑक्टोबरात येथेच 'रिपब्लिकन पक्ष' स्थापन झाला. त्या नावात जातीचा मागमूसही नव्हता. बहिष्कृत, अनुसूचित, बौद्ध, रिपब्लिकन! सदतीस वर्षांत एका शहराने हा सारा प्रवास पाहिला. बारशास आत्याबाईंनी सांगितलेले नाव आपण सारे मुकाट्याने घेतो. येथे तर लक्षावधी लोकांनी स्वतःचे नाव आपल्या डोळ्यांदेखत ठेवले, आणि आम्ही सत्तर वर्षे ते ऐकले न ऐकलेसे केले.

आता 'हरिजन' शब्दाचे. महात्माजींनी तो 1932 च्या सुमारास प्रचारात आणला आणि 1933 च्या फेब्रुवारीत त्या नावाचे साप्ताहिक पुण्याहून निघाले. हेतू चांगला होता यात शंका नाही. परंतु 1938 च्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालण्याचे ठरले, तेव्हा बाबासाहेबांच्या पक्षाने त्यास हरकत घेतली. भाऊराव गायकवाडांचा प्रश्न सरळ होता: आम्ही देवाची माणसे, तर मग बाकीचे कोणाचे? बहुमताने तो शब्द कायम ठेवला आणि बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. ज्यांचे नाव ठरत होते तेच बाहेर, आणि नाव ठेवणारे आत! अखेर 1982 मध्ये केंद्र सरकारनेही जातीच्या दाखल्यांत हा शब्द घालू नये असे राज्यांस कळविले.

'दलित' शब्दाची कथा याहून वेगळी. जात्यात दाणा दळला जातो, तसा दळलेला, भरडलेला तो दलित. 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी 'दलित पँथर' काढली आणि हा शब्द मान वर करून मिरविला. पँथर हे नाव त्यांनी अमेरिकेतील काळ्या लोकांच्या चळवळीवरून घेतले. त्या देशातही हीच कथा आहे. 1928 साली एका शाळकरी मुलाने 'निग्रो' या शब्दाबद्दल तक्रार केली, तेव्हा ड्यू बॉइस या विद्वान निग्रो पुढाऱ्याने त्यास समजाविले की, नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही. तरीही पुढे चाळीस वर्षांनी त्याच समाजाने तो शब्द टाकला आणि शिवी म्हणून वापरला जाणारा 'काळा' हाच शब्द अभिमानाने उचलला.

यावर कोणी म्हणेल, त्यांच्यातच एकमत कोठे आहे? ते खरेच आहे. 2018 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, एका कार्यकर्त्याच्या अर्जावरून, वृत्तपत्रादि माध्यमांनी 'दलित' शब्द वापरू नये अशी सूचना देण्याचा विचार करावा, असे केंद्र सरकारास सांगितले. ऑगस्टात तसे सूचनापत्र निघालेही. अर्जदाराचे म्हणणे असे की, हा शब्द घटनेत नाही आणि तो मानखंडना करणारा आहे. उलट रामदास आठवले यांच्यासारख्या, पँथरमधून वर आलेल्या पुढाऱ्यांस तो शब्द मुळीच आक्षेपार्ह वाटला नाही. साहित्यातही 'दलित', 'बौद्ध' की 'आंबेडकरवादी' हा वाद जुनाच आहे आणि आपल्या नागपूरचे यशवंत मनोहर 'आंबेडकरवादी' या नावाचा पुरस्कार करीत आले आहेत. परंतु हे मतभेद म्हणजे आपण वाटेल तो शब्द वापरण्याचा परवाना नव्हे. एका घरात मुलाचे नाव काय ठेवावे याबद्दल दोन मते असली, म्हणून शेजाऱ्याने त्यास तिसऱ्याच नावाने हाक मारावी काय?

थोरल्या बंधूंच्या वैतागाचाही विचार केला पाहिजे. राग कोणास यावा आणि किती यावा, हे ठरविण्याची आपल्याला मोठी हौस. "एवढ्याशा शब्दाचे काय घेऊन बसलात?" असे आपण सहज म्हणतो. पण बाजारात कोणी मागून 'ए भटा' म्हणून हाक मारली, तर आपल्या कपाळास आठी पडते की नाही? मात्र हेही प्रामाणिकपणे मान्य करावे की, 'भट' म्हटल्याने आपल्याला कोणी विहिरीवर पाणी नाकारले नाही. त्या दुसऱ्या नावांमागून पाणवठा, देऊळ आणि शाळेची ओसरी ही सारी बंद होत गेली. शब्द सारखाच टोचेल. पण जखम सारख्या खोलीची नसते.

तसेच केवळ शब्द पालटूनही भागत नाही. 2020 च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय केला. निर्णय योग्यच. परंतु भीमनगरचा पत्ता ऐकून आपल्या घराची खोली भाड्याने नाकारली गेली, तर पाटी रंगविण्याचा खर्च तेवढा वाया गेला. आमच्या तरुण मंडळींनी तर 'कॅटेगरी' नावाचा एक सुशिक्षित शब्द शोधून काढला आहे. तो कोणत्याही कायद्यात अपशब्द ठरणार नाही. पण कॉलेजातील मित्राच्या पाठीमागे तो ज्या स्वरात उच्चारला जातो, तो स्वर आजोबांच्याच वेळचा आहे.

यावरून मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सुचले ते असे. 'हरिजन' हा शब्द चुकला खरा. पण तो त्यांच्या काळाचा होता, आणि सांगितल्यावर सुधारता आला असता. त्या मुलीस अधिक लागले असेल ते त्यापुढचे 'पण'. स्वच्छ आहे, लाघवी आहे, तर त्यात 'पण' कशास? तो दोन अक्षरांचा शब्द कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने जाणार नाही. तो ज्याच्या त्याने आपल्या घरातच शोधावा लागेल.

आम्ही हे मातोश्रींस भीत भीत सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. परवा एक आप्त बाई भेटीस आल्या आणि "पूर्वी ती मुलगी येत असे ती कोण हो?" म्हणून त्यांनी विचारले. मातोश्री म्हणाल्या, "बौद्ध होती. फार चांगली मुलगी." आणि तेथेच थांबल्या.