उचलून नेणारे हात आणि न हटणाऱ्या पायऱ्या

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात विराली मोदी यांचे लग्न झाले. त्या व्हीलचेअर वापरतात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. आधी कल्पना देऊनही अधिकारी खाली आले नाहीत. शेवटी नवरीला उचलून दोन मजले चढवावे लागले. त्यांनी हे जाहीरपणे मांडले, तेव्हा देवेंद्र फडणवीस यांनी उपमुख्यमंत्री या नात्याने माफी मागितली.

माफी मिळाली, हे चांगलेच झाले. पण त्या जिन्याने आजवर हजारो लोक चढले-उतरले असतील. जो चढू शकत नाही त्याने काय करायचे, असे आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते? सवयीमुळे अन्यायही दिसेनासा होतो.

कायद्याची उणीव नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. जुन्या सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ चे. म्हणजे खारची घटना घडली तेव्हा मुदत संपून वर्ष उलटले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशी राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा.

मग अडते कुठे? आपल्या हमदर्दीत. आपण दोन हात पुढे करतो, माणसाला वर नेतो आणि सवाब मिळाला म्हणून समाधानाने घरी जातो. पायऱ्या तशाच राहतात. ज्याला उचलले, त्याला अनोळखी हातांचा स्पर्श आवडला का, हे कोणी विचारत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग आहेत. भोर तालुक्यातील शिवरे गावचा माणूस घ्या. एसटीच्या तिकिटात त्याला सवलत आहे, पण बसची पहिली पायरीच गुडघ्याएवढी उंच असेल तर ती सवलत घ्यायची कशी? प्रमाणपत्रासाठी दूरच्या सरकारी रुग्णालयात जायचे, तर सोबत एक माणूस हवा आणि त्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते. दोन खेपा वाया गेल्या की घरचेच म्हणतात, ‘जाऊ दे, नशीब!’

आपल्या मोहल्ल्याकडेही पाहू या. वुजूखान्यापर्यंत व्हीलचेअर जाते का? हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. ते मदीनेत अजान देत आणि पैगंबर (स.) बाहेर गेले असता मदीनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली. त्यांना दया नव्हे, जबाबदारी मिळाली.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पुढच्या ग्रामसभेत हा हिशेब मागू या. जमातीच्या बैठकीत उताराच्या रस्त्याचा विषय काढू या. आणि घरातल्या दिव्यांग मुलीला ‘तू राहू दे’ म्हणण्याआधी तिला कुठे जायचे आहे, ते विचारू या.