एमजीबी मोटारीच्या इंजिनाचे अतितापन

एमजीबी या ब्रिटिश बनावटीच्या स्पोर्ट्‌स मोटारीत इंजिनाचे तापमान नेहमीच्या मर्यादेपलीकडे वाढण्याला इंजिनाचे अतितापन असे म्हणतात. अतितापन हा स्वतंत्र बिघाड नसून अन्य बिघाडाचे लक्षण असते. त्यामुळे सुटे भाग बदलण्यापूर्वी मूळ कारणाचा शोध घेणे आवश्यक ठरते. दुर्लक्ष झाल्यास हेड गॅस्केट जळणे, सिलिंडर हेड वाकणे वा तडकणे आणि पिस्टन घासले जाऊन इंजिन जाम होणे असे गंभीर परिणाम संभवतात. पुढील विवेचन एमजीबीविषयी असले, तरी त्यातील बहुतेक तत्त्वे पाण्याने थंड होणाऱ्या अन्य जुन्या मोटारींनाही लागू पडतात.

पार्श्वभूमी

एमजीबीचे उत्पादन १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे झाले. या मोटारीत १,७९८ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असून त्याचा ब्लॉक व हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे असतात. सुरुवातीच्या मोटारींत रेडिएटरचा पंखा व वॉटर पंप एकाच बेल्टवर चालत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील मोटारींत पंखे विजेवर चालणारे आहेत.

शीतन यंत्रणेचे कार्य

वॉटर पंप कूलंट इंजिनाच्या ब्लॉकमधून व हेडमधून फिरवतो. तापलेले कूलंट थर्मोस्टॅटमधून रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाते, नळ्यांमधून खाली उतरताना हवेला उष्णता देते आणि खालच्या होजपाइपातून पुन्हा पंपाकडे येते. ८२ अंश सेल्सियसचा थर्मोस्टॅट त्या तापमानास उघडू लागतो. थर्मोस्टॅट इंजिनाचे किमान तापमान ठरवतो, कमाल नव्हे.

रेडिएटरचे झाकण यंत्रणेत दाब टिकवून ठेवते. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते, परंतु दर चौरस इंचास १० पौंड जादा दाब असल्यास ते सुमारे ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर सैल झाले की ही सवलत नाहीशी होते आणि एरवी निर्धोक असलेल्या तापमानालाही कूलंट उकळून बाहेर पडते.

रेडिएटरची क्षमता कूलंट व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. कूलंट ९० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असल्यास हा फरक ७० अंशांचा असतो. हवा ४० अंशांवर गेल्यास तो ५० अंशांवर येतो, म्हणजेच उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे २९ टक्क्यांनी घटते. अर्धवट तुंबलेला रेडिएटर थंड हवेत निभावून नेतो व उन्हाळ्यात उघडा पडतो, त्याचे कारण हेच होय.

काट्याची विश्वासार्हता

इंजिन खरोखरच तापले आहे काय, हे निदानातील पहिले पाऊल होय. सुरुवातीच्या एमजीबीत तापमानाचा काटा बारीक नळीतील वाफेच्या दाबावर चालतो, तर नंतरच्या मोटारींत तो विजेवर चालतो. विजेवरील तापमानाचा व इंधनाचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर अवलंबून असतात. दोन्ही काटे एकाच वेळी नेहमीपेक्षा जास्त दाखवू लागले, तर संशय इंजिनावर न घेता स्टॅबिलायझरवर अथवा त्याच्या अर्थिंगवर घ्यावा लागतो.

पडताळणीसाठी इन्फ्रारेड तापमापकाने थर्मोस्टॅटच्या घराचे तापमान घेतात. चकचकीत धातूवर हे उपकरण प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवते, म्हणून त्या जागी काळी, बिनचमकीची पट्टी चिकटवून मोजमाप करतात.

लक्षणांवरून निदान

तापमान कोणत्या परिस्थितीत वाढते, यावरून संभाव्य कारणांची विभागणी करता येते.

मंद गतीत वा उभ्या गाडीत तापमान वाढणे : वेगात गाडीला समोरून हवा मिळते, मंद गतीत मात्र पंख्यावरच भिस्त असते. सैल बेल्ट, उलटा बसवलेला पंखा, विजेचा पंखा सुरू करणारा बिघडलेला स्विच आणि रेडिएटरच्या कडेने हवा निसटू देणाऱ्या फटी ही येथील प्रमुख कारणे होत.

वेगात वा चढणीवर तापमान वाढणे : हवा पुरेशी असूनही इंजिन तापत असल्यास कूलंटचा प्रवाह अपुरा पडत असतो किंवा उष्णता अधिक निर्माण होत असते. तुंबलेला रेडिएटर, पंपाची झिजलेली पाती, पंपाच्या ओढीमुळे आत दबणारा खालचा होजपाइप, कार्ब्युरेटरमधून मिळणारे पेट्रोलचे कमी प्रमाण आणि प्लगला उशिरा मिळणारी ठिणगी यांचा येथे विचार होतो.

थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापमान वाढणे : बंद स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट, यंत्रणेत अडकलेली हवा, अत्यल्प कूलंट अथवा फाटलेले हेड गॅस्केट संभवते.

इंजिन बंद केल्यावर काटा वर जाणे : पंप थांबल्यामुळे धातूतील उष्णता स्थिर कूलंटमध्ये उतरते. थोडा वेळ होणारी अशी वाढ बहुधा बिघाड नसते.

तपासणीचा क्रम

तपासणी सोप्या व बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू करून अवघड गोष्टींकडे नेतात. प्रथम थंड इंजिनात कूलंटची पातळी, झाकणाचे रबर, बेल्टचा ताण, होजपाइपांची स्थिती आणि रेडिएटरच्या पत्र्यांत अडकलेला कचरा पाहतात. वॉटर पंपाच्या खाली ओघळाचे डाग असल्यास पंपाचे सील गेलेले असते.

थर्मोस्टॅट काढून तापमापकासह पाण्याच्या भांड्यात टांगतात व पाणी तापवून तो कोणत्या अंशाला उघडतो ते पाहतात. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, त्याची झीज वाढते आणि तुंबलेला रेडिएटर तसाच राहतो. हा प्रकार ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा ठरतो.

गळती शोधण्यासाठी हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब यंत्रणेत भरतात. दाब घसरत असूनही बाहेर ओल दिसत नसल्यास कूलंट इंजिनाच्या आत गळत असण्याची शक्यता असते.

तापलेल्या रेडिएटरवर इन्फ्रारेड तापमापक फिरवल्यास मध्येच थंड पट्टे आढळतात, तेथील नळ्या तुंबलेल्या असतात. अनेक वर्षांचा गंज व गाळ ब्लॉकच्या मागील बाजूस, चौथ्या सिलिंडरभोवती साचतो. नवा रेडिएटर बसवूनही इंजिन तापत राहिल्यास ब्लॉकच्या निचऱ्याचे छिद्र मोकळे करून आतील गाळ धुऊन काढावा लागतो.

इग्निशनची तपासणी अनेकदा राहून जाते. डिस्ट्रिब्युटरमधील वजने गंजून अडकली, की इंजिनाचा वेग वाढूनही ठिणगी आधी पडत नाही. ज्वलन लांबते आणि अधिक उष्णता एक्झॉस्टच्या मार्गाने हेडमधील कूलंटला मिळते. टायमिंग लाइटने हा दोष काही मिनिटांत उघड होतो.

हेड गॅस्केटची परीक्षा शेवटी करतात. रेडिएटरमधील हवा निळ्या रासायनिक द्रवातून ओढल्यावर द्रव पिवळा झाला, तर कूलंटमध्ये ज्वलनवायू शिरत असल्याचे सिद्ध होते. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखेच कमी असणे, इंजिन ऑइल दुधाळ होणे आणि सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ येणे ही पूरक चिन्हे होत.

अन्य मोटारींशी तुलना

सर्व जुन्या मोटारी अतितापन सारख्याच प्रमाणात सहन करत नाहीत. १९७० मध्ये बाजारात आलेल्या ट्रायम्फ स्टॅगच्या २,९९७ घन सेंटिमीटरच्या व्ही-८ इंजिनात ब्लॉक लोखंडाचा, परंतु हेड ॲल्युमिनियमचे आहेत. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते. शिवाय या इंजिनातील वॉटर पंप उंचावर असल्याने कूलंटची पातळी घटताच त्याला द्रव मिळेनासा होतो. एमजीबीचे लोखंडी इंजिन तुलनेने सोशिक असते. मात्र या सोशिकपणामुळेच दोष दीर्घकाळ लपून राहू शकतो.

सुरक्षितता

तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब नाहीसा होताच आतील कूलंट एकदम उकळते व हातातोंडावर उसळून गंभीर भाजते. वरचा होजपाइप हाताला थंड लागेपर्यंत थांबणे आवश्यक असते. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतल्यास धातू तडकू शकतो. वाटेत काटा चढू लागल्यास हीटर पूर्ण सुरू करून काही उष्णता काढून घेता येते, परंतु लवकरात लवकर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करणे हाच योग्य मार्ग होय. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, परंतु विषारी असते. त्यामुळे काढलेले कूलंट मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर, झाकणबंद भांड्यात ठेवतात.