एकाच दिव्यावर भिस्त नको
भटकंतीची साधने : लेखांक ४

गेल्या लेखांकात हेल्मेट आणि बुटांचा विचार केला, आता दिव्याचा. बुलढाणा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा आहे. मेघालयात पावसाच्या पाण्याने चुनखडी विरघळवून क्रेम लिआत प्राहसारखी तीस किलोमीटरहून लांब गुहा घडवली. बेसाल्ट तसा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे सापडतात त्या कपारी, आखूड गुहा, लोणारच्या विवरातल्या जुन्या मंदिरांचे अंधारे गाभारे आणि अजिंठा रांगेत शेजारच्या जिल्ह्यात खोदलेली लेणी. एवढ्याशा अंतरासाठी एक चांगली बॅटरी पुरे, असा निष्कर्ष यावरून सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे. काळोखाला लांबीशी देणेघेणे नसते. दोन वळणे घेतली की दाराचा उजेड संपतो, आणि खाली वटवाघळांची निसरडी शीट व सुटे दगड असतील तर वीस पावलेही पाय मोडायला पुरतात.

दुकानात दिवा निवडला जातो तो लुमेनच्या आकड्यावर. हा आकडा नीट वाचायला हवा. चांगल्या कंपन्या पाळतात त्या अमेरिकी एएनएसआय एफएल-१ मानकानुसार प्रकाश मोजतात दिवा लावल्यावर अर्ध्या मिनिटाने, आणि ‘किती तास चालतो’ हे मोजतात तो प्रकाश एक दशांशावर येईपर्यंत. म्हणजे खोक्यावर १००० लुमेन आणि ५ तास छापले असतील, तर पाचव्या तासाला १०० लुमेन उरले तरी दावा खराच ठरतो. शिवाय जास्त प्रकाशात एलईडी तापतो आणि दिवा आपोआप मंदावतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना चालण्यापुरते ५० ते १०० लुमेन भरपूर होतात. म्हणून पाहायचा तो प्रकाशाच्या मधल्या पायरीवरचा टिकाऊपणा. सोबत आयपी ६७ सारखी खूण हवी : पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा.

तरीही उत्तम दिवा कधीतरी दगा देतोच. जगभरचे गुहाभटके प्रत्येकाजवळ तीन स्वतंत्र दिवे ठेवतात, त्यामागे साधे गणित आहे. समजा, एक दिवा शंभरात एकदा बंद पडतो. दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक, तिन्हींची दहा लाखांत एक. मात्र हे गणित दिवे खरोखर स्वतंत्र असतील तरच लागू पडते. तिन्ही एकाच पॉवर बँकेवर चार्ज केले, एकाच ओल्या पिशवीत कोंबले, किंवा वैशाखात बंद गाडीत तापत ठेवले, तर एकच कारण तिघांना गाठते. म्हणून हेल्मेटवरचा मुख्य दिवा लिथियम बॅटरीचा असेल, तर दुसरा हेडलॅम्प साध्या सेलवर चालणारा घ्यावा आणि तिसरा छोटा टॉर्च खिशात वेगळा ठेवावा.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. पण तीन महागडे दिवे कोण मागतो? मुख्य दिव्याच्या किमतीत थोडी काटछाट केली की दोन साधे दिवे त्यातच बसतात. दुसरा आक्षेप : मोबाइल असतोच. असतो, पण तो एक हात अडकवतो, आणि मदतीसाठी फोन करायचा तोही त्याच बॅटरीवर. तिसरा आक्षेप जाणत्यांचा : जुना कार्बाइडचा दिवा सेलशिवाय चालतो. खरे आहे, कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की अॅसिटिलीन वायू निघतो आणि तो पेटवता येतो. पण उघडी ज्योत, काजळी आणि उरलेला चुना वटवाघळांच्या किंवा रंगवलेल्या भिंतींच्या जागी परवडणारा नाही.

लोणार आणि अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत, तेव्हा वनविभागाच्या परवानगीशिवाय आत जाऊ नये. वटवाघळांवर झोत रोखू नये. आणि निघण्याआधी घरीच, पूर्ण चार्ज करून, मधल्या पायरीवर दिवा विझेपर्यंत चालवून पाहावा. आत थांबायच्या ठरवलेल्या वेळेच्या दुप्पट तो टिकला नाही, तर तो राखीव म्हणून ठेवावा, मुख्य म्हणून नाही.