कॉलेज बदलायचंय? आधी लेक्चर संपल्यानंतरचा तास बघा

कॉलेज बदलण्याच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक मुलं एकच वाक्य लिहितात : 'घरापासून लांब पडते.' ठाणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात, खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी माझी सगळी नोकरी केली. टीसी, बोनाफाईड, रेल्वेच्या पासाचे कन्सेशन फॉर्म हे माझं टेबल. अर्ज हातात घेऊन मी विचारायची, "लांब पडतं हे ॲडमिशन घेताना नव्हतं का रे ठाऊक?" मग मान खाली घालून खरं कारण यायचं. हवा तो विषय इथे नाही. वर्गात कुणाशी पटत नाही, डबा एकट्याने खावा लागतो. प्रवासाने जीव जातो. किंवा, एखाद्या पेपरात नापास होऊन केटी लागलीय.

ही चार दुखणी वेगवेगळी आहेत. पहिल्या तिन्हींवर कॉलेज बदलणं हा कधी कधी चांगला उपाय ठरतो. चौथ्यावर क्वचितच, कारण ज्या पेपरची केटी आहे तो पेपर नव्या कॉलेजातही सुटत नाही. निवृत्त होऊन आता मी डोंबिवलीजवळच्या कोपरला घरीच असते. निकाल लागले की सोसायटीतली मुलं 'काकू, जरा बोलायचं होतं' म्हणत येतात आणि त्यांच्या मागून आईवडील. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

दोन धागे

कॉलेज बदलणं म्हणजे अपयश, असं आपल्याकडे अजून मानतात. पण गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि 1884 साली बी.ए. झाले ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. तिथे त्यांना वर्ड्‌स्वर्थ आणि हॅथॉर्नथ्वेट यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. अमेरिकेत तर ही रोजची गोष्ट आहे. 2008 साली तिथे पदवीच्या शिक्षणाला सुरुवात केलेल्या मुलांपैकी 37 टक्क्यांनी पुढच्या सहा वर्षांत निदान एकदा तरी संस्था बदलली होती.

मुलं कॉलेज का सोडतात, याचा विचार व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने 1975 साली मांडला आणि तो आजही आधाराला घेतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मूल कॉलेजात टिकतं ते दोन धाग्यांनी. एक धागा अभ्यासाचा, म्हणजे विषय, शिक्षक आणि 'हे मला जमतंय' ही भावना. दुसरा माणसांचा, म्हणजे मित्र, एखादा गट, आपल्याला नावाने ओळखणारे सर किंवा मॅडम. दोन्ही धागे तुटले की मूल मनाने आधीच बाहेर पडलेलं असतं, अर्ज नंतर येतो.

या मांडणीवर एक आक्षेपही आहे. ती कॉलेजच्या आवारातच राहणाऱ्या मुलांना जास्त लागू पडते. आमची कोपर-डोंबिवलीची मुलं हॉस्टेलवर राहत नाहीत. ती रोज ये-जा करतात. त्यांची निम्मी दोस्ती गाडीच्या डब्यात होते आणि उरलेली शाळेपासूनची इथेच असते. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर उभं राहून बघा. नवे कपडे घालून उभे असलेले पोरांचे घोळके एका कॉलेजचे नसतात, एका शाळेचे असतात. अशा मुलाला कॉलेजातून सगळीच सोबत लागते असं नाही. त्याला दोन-तीन माणसं पुरतात, पण ती दोन-तीन हवीत.

विषय आहे का, तेवढा पुरेसा आहे का

आधी अभ्यासाचा धागा तपासू, कारण तो कागदावर तपासता येतो. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला 132 क्रेडिट लागतात, म्हणजे वर्षाला 44. यात मुख्य विषय म्हणजे मेजर असतो, जोडीला एक मायनर असतो आणि इतर छोटे अभ्यासक्रम. बदली करताना मुलं मेजरचं नाव बघतात आणि तिथेच थांबतात. नव्या कॉलेजात तुमचा मायनर शिकवतात का, पहिल्या वर्षाला त्यांनी काय शिकवलं, हे बघत नाहीत. त्यातून ते कॉलेज स्वायत्त असेल, तर त्याचा अभ्यासक्रम स्वतःचा असतो. नाव तेच, आतले धडे वेगळे. मग तिसऱ्या सेमिस्टरमध्ये सर 'हे तुम्हाला मागच्या वर्षी झालंच आहे' म्हणतात आणि आपल्याला ते झालेलं नसतं.

हे नुकसान जगभर होतं. अमेरिकी सरकारच्या लेखा कार्यालयाने 2017 साली अंदाज काढला, तेव्हा संस्था बदलणाऱ्या मुलांची सरासरी 43 टक्के क्रेडिट बुडाली होती. आपल्याकडे यावर तोड म्हणून 2021 साली 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' (एबीसी) सुरू झाली. तुमची क्रेडिट तुमच्या नावावर जमा राहतात आणि दुसरीकडे नेता येतात. पण बँकेत जमा असणं आणि समोरच्याने ती आपल्या अभ्यासक्रमात धरणं या दोन गोष्टी आहेत. त्याच 2021 च्या नियमांनुसार ज्या संस्थेकडून पदवी घ्यायची, तिथे किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. 132 ची निम्मी 66. विद्यापीठच बदलायचं असेल, तर पहिल्या वर्षाची 44 क्रेडिट घेऊन गेलात तर हिशोब बसतो, दोन वर्षांची 88 घेऊन गेलात तर अडतो. म्हणून विचार करायचा तो पहिल्या वर्षाच्या शेवटी.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाचं उदाहरण सांगते. त्याला मायक्रोबायॉलॉजी करायचं होतं, पण चार मित्र गेले म्हणून तो जवळच्या कॉलेजात केमिस्ट्रीला गेला. मित्र होते, घर पाच मिनिटांवर होतं, पण तो वर्षभर धुमसत राहिला. त्याने बदली घेतली ती योग्यच होती. विषयच नाही तिथे राहून उपयोग नव्हता.

कोपरहून किती लांब

आता अंतर. कोपरला फक्त धीमी गाडी थांबते. फास्ट हवी तर डोंबिवलीला जायचं. खालच्या फलाटावरून ठाण्याला जाताना मधे दिवा, मुंब्रा, कळवा. ठाण्याला जोशी-बेडेकर आणि बांदोडकर एकाच आवारात आहेत. पुढे मुलुंडला वझे-केळकर, विद्याविहारला सोमय्या, माटुंग्याला रुईया, पोदार आणि पश्चिमेला रुपारेल. धीम्या गाडीने माटुंगा म्हणजे चांगला तासभर. उलट्या दिशेला डोंबिवलीत पेंढरकर, कल्याणला बिर्ला, पण तिथे स्टेशनवरून पुढे रिक्षा आहेच. कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी मिळते, मात्र त्या गाड्या मोजक्या. एक गाडी चुकली की पहिलं लेक्चर गेलं.

सकाळी दिव्याच्या पुढे गाडीत काय होतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. 9 जून 2025 ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि काहींचा जीव गेला. तेव्हापासून आमच्याकडे आया पहिला प्रश्न विचारतात तो वेळेचा, 'लेक्चर किती वाजता?' हा प्रश्न बरोबरच आहे. सात वाजता सुरू होणारं लांबचं कॉलेज सुसह्य असतं, कारण जाताना गर्दी वाढायच्या आत पोहोचता येतं आणि दुपारी परतताना बसायला मिळतं. साडेनऊचं कॉलेज निम्म्या अंतरावर असूनही छळतं. तेव्हा कॉलेजची यादी किलोमीटरने लावू नका, वेळापत्रकाने लावा. प्रॅक्टिकल कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, तेही विचारा. विज्ञान शाखेला खरी संध्याकाळ तिथे जाते.

लेक्चरनंतरचा तास

माणसांचा धागा कागदावर तपासता येत नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची ग्रेड गेटवर मोठ्या अक्षरांत लावलेली असते, पण तुमच्या मुलीशी कुणी बोलेल का, हे ती ग्रेड सांगत नाही. कटऑफ तर आणखीच फसवा. जिथे ॲडमिशन कठीण तिथे आपण सुखी होऊ, असं मुलांना वाटतं.

माझा उपाय साधा आहे. साध्या कामाच्या दिवशी, फेस्टिव्हलच्या दिवशी नव्हे, त्या कॉलेजात जा. आत सोडतात का ते आधी ऑफिसात विचारा. मग शेवटचं लेक्चर सुटल्यावर तासभर थांबा. मुलं गेटकडे धावतात की कुठे तरी टेकतात? वाचनालयात बसायला जागा आहे का आणि ते किती वाजता बंद होतं? कँटीनमध्ये कोणती भाषा ऐकू येते? स्टाफरूमच्या दाराशी वही घेऊन कुणी उभं आहे का? सूचना फलकावर एनएसएस, एनसीसी, नाटक, खेळ यांच्या नोटिसा ताज्या आहेत की मागच्या वर्षीच्या? दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना विचारा, 'बाहेरून आलेलं कुणी आहे का तुमच्या वर्गात? त्याचं कसं चाललंय?' या प्रश्नाचं उत्तर माहितीपुस्तकात कधी मिळत नाही.

आमच्याच सोसायटीतली एक मुलगी बारावीच्या मार्कांवर मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजात गेली. अभ्यास जमत होता. मात्र वर्गात सगळ्यांचं बोलणं इंग्रजीत, आणि तिला एकांकिकेत काम करायचं होतं. तालमी संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपायच्या. शेवटच्या गाड्यांतून कोपरला एकटीने यायला घरचे तयार नव्हते. दोन महिन्यांनी तिने एकांकिकेतून नाव काढून घेतलं आणि तिथून तिचा त्या कॉलेजातला रस संपला. तिला मी सांगितलं, कॉलेज बदल, पण इंग्रजीला घाबरून बदलू नकोस, इंग्रजी पुढेही भेटणार आहे. तालमीनंतर घरी पोहोचता येईल असं कॉलेज बघ. ती दुसऱ्या वर्षाला ठाण्याला आली. विषय तोच राहिला, नाव थोडं कमी मोठं झालं. आयएनटीच्या एकांकिका स्पर्धेसाठी तिने पडद्यामागे काम केलं, आणि तालमीची रात्र असली की ठाण्याला भाऊ घ्यायला जातो.

बदलीने एकटेपणा आपोआप जातो असं मात्र नाही. दुसऱ्या वर्षी वर्गात गट आधीच जमलेले असतात आणि आपण नवे असतो. पहिल्या कॉलेजात जे मूल स्वतःहून कुणाशी बोललं नाही, त्याने नव्या ठिकाणी पहिल्या पंधरवड्यात एखाद्या कामात नाव घालावं. एनएसएसचं शिबिर असो की वाचनालयातलं काम. सोबत काम केलं की ओळख होते, शेजारी बसून होतेच असं नाही.

कागद आणि वेळ

शेवटी माझ्या टेबलावरची गोष्ट. जुन्या कॉलेजातून टीसी काढण्याआधी नव्या कॉलेजातून लेखी होकार घ्या. जागा रिकामी आहे, विषय जुळतात आणि आम्ही घेतो, असं त्यात हवं. टीसी काढून हातात घेतलात की जुनी जागा गेली, आणि नवीकडून नकार आला की मूल अधांतरी. मार्कशीटच्या प्रती, ना हरकत पत्र, एबीसीचा क्रमांक एका फाईलीत ठेवा. विद्यापीठ बदलत असेल, तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि त्याला वेळ लागतो. इंजिनिअरिंगचे नियम वेगळे असतात, तिथे संस्था बदलण्याची तारीख आणि पद्धत दरवर्षी जाहीर होते, ती बघूनच पाऊल टाका. नव्या कॉलेजच्या नावाचा कन्सेशन फॉर्म घेतल्याशिवाय जुन्या पासावर फिरू नका, 'कॉलेज बदललंय' हे कारण तिकीट तपासनीसाला पटत नाही.

आणि अर्ज लिहिण्याआधी एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा : मी इथून का जातो आहे, आणि तिथे कशासाठी जातो आहे. पहिल्या प्रश्नाखाली भरपूर मजकूर आणि दुसऱ्याखाली काहीच नसेल, तर अर्ज वर्षभर थांबू द्या. त्या वर्षात केटी सोडवा, एखाद्या सरांकडे शंका घेऊन जा, एका समितीत नाव घाला. एवढं करूनही रुखरुख राहिली, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोवर तुमच्याकडे आलेलं असेल. मग बिनधास्त बदला आणि 'कारण' या रकान्यात तेच लिहा. खिडकीपलीकडच्या माणसाला खरं कारण वाचायला आवडतं, कारण त्यावरच त्याला मदत करता येते.