बीटा किती आला?

पाळी चार दिवस लांबते, मग येते, नेहमीपेक्षा जरा जास्त जाते. अशा किती पाळ्यांत नुकताच रुजलेला गर्भ वाहून जातो, हे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला कळलं नव्हतं. त्या बाईलाही नाही.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात अ‍ॅलन विलकॉक्स यांनी ते मोजायचं ठरवलं. मूल हवं म्हणून गर्भनिरोधकं थांबवलेल्या २२१ बायका रोज सकाळची पहिली लघवी धरून फ्रीजरमध्ये ठेवू लागल्या. १९८८ साली निष्कर्ष छापून आले. १९८ वेळा दिवस राहिले होते, त्यांतले २२ टक्के गर्भ डॉक्टरांना सुगावा लागायच्या आधीच गेले. पुढे गेलेले धरले तर ३१ टक्के.

हे पकडून दिलं एचसीजीनं. पुढे जिची वार होते त्या पेशी हे संप्रेरक तयार करतात. त्याचा एक भाग, अल्फा, शरीरातल्या इतर काही संप्रेरकांसारखाच असल्यानं जुन्या चाचण्या फसत. १९७२ साली फक्त बीटा भाग ओळखणारी चाचणी आली. दवाखान्याबाहेरच्या बाकावर "बीटा किती आला?" असं विचारतात, ते तेव्हापासूनचं देणं.

पण एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा रक्त द्यायचं आणि वाढ बघायची. ती दुप्पटच हवी, हा समज पक्का रुजलाय. २००चे ३१० झाले की घरात चेहरे पडतात. वास्तविक २००४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात नीट टिकलेल्या गर्भांतही सर्वांत संथ वाढ ५३ टक्क्यांच्या आसपास दिसली होती.

प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचं कोडं आणखी अवघड. ते कमी पडल्यानं गर्भ जातो, की गर्भ जाणार म्हणून ते उतरतं? ब्रिटनमध्ये रक्तस्राव सुरू झालेल्या ४१५३ गर्भवतींवर प्रयोग झाला. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना नुसतं दिखाऊ औषध. २०१९चा निकाल: जिवंत बाळं ७५ टक्के आणि ७२ टक्के. फरक नगण्यच म्हणायचा. पण आधी तीन किंवा अधिक गर्भ गमावलेल्यांत तो ७२ विरुद्ध ५७ दिसला.

गंमत अशी, की हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्ताला आपण ज्या जागेची खबर विचारतो, तिथे आईचं रक्त अजून मोकळं खेळतच नसतं. पहिले दोन-अडीच महिने गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींचा पाझर गर्भाला पोसतो. प्राणवायूही बेताचाच लागतो. केंब्रिजचे ग्रॅहम बर्टन आणि लंडनचे एरिक जॉनियो यांनी दाखवलं, की रक्ताचा लोंढा वेळेआधी सगळीकडून आत शिरला तर कोवळ्या पेशी प्राणवायूच्या माऱ्यानंच होरपळतात. गेलेल्या बऱ्याच गर्भांत हेच आढळतं. जवळपास निम्म्यांच्या मुळाशी मात्र गुणसूत्रांची गफलत असते. पपईचा किंवा जिना चढण्याचा तिथे काही संबंध नसतो.

साखरेचा असतो. विलकॉक्स यांच्याच वर्षी, १९८८मध्ये, इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही बायकांचा एक अभ्यास आला. गर्भ जाण्याचं प्रमाण त्यांच्यात १६ टक्के आणि मधुमेह नसलेल्यांतही १६च. मधुमेहींपैकी ज्यांचे गर्भ गेले, त्यांची पहिल्या तिमाहीतली साखर मात्र इतरांपेक्षा चढी होती. म्हणून मधुमेही बाईला डॉक्टर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासायला सांगतात, तेही दिवस राहायच्या आधी.