फाडा, चिकटवा, सांगा!

“मला चित्रच काढता येत नाही!” असं तुमच्यापैकी किती जण म्हणतात? मग काढूच नका. फाडा आणि चिकटवा! याला म्हणतात कोलाज. ‘चिकटवणं’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव पडलं.

हा नुसता पोरखेळ नाही बरं का. आंरी मातिस या थोर फ्रेंच चित्रकारावर १९४१ साली मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याचे दिवस बरेचसे अंथरुणात नि चाकांच्या खुर्चीत जाऊ लागले, तेव्हा त्यानं कात्री हाती घेतली. मदतनीस कागद रंगवून देत आणि हा आधी रेघही न आखता सरळ कापत जाई! १९५३ सालची त्याची ‘गोगलगाय’ पावणेतीन मीटरहून लांब आणि तेवढीच रुंद आहे. त्यात आहेत नुसते रंगीत तुकडे, शंखासारखे गोल फिरत लावलेले.

तुम्हाला रद्दी पुरे. जुनी लग्नपत्रिका, कॅलेंडर, शिंप्याकडच्या चिंध्या, कांद्याची सालं, पेन्सिलीला टोक करताना निघालेली झालर. लहान भावंडांना कात्री नको, हातानंच फाडू द्या. वर्तमानपत्र एका दिशेनं फाडलं की सरळ पट्टी निघते, दुसऱ्या दिशेनं वेडीवाकडी. करून पाहा! डिंक नसेल तर दोन चमचे मैदा कपभर पाण्यात कालवून आईबाबांकडून मंद आचेवर खळ शिजवून घ्या. थोडीच करा, लवकर आंबते.

विषय घ्या ‘माझं घर’. आमच्या पहिलीच्या वर्गात एका मुलीनं अख्खा निळा कागद तसाच ठेवला आणि कोपऱ्यात दोन इवले कपटे लावले. “ही आई नि ही मी. बाबा गावाला गेलेत ना, म्हणून घर मोठं झालंय,” ती म्हणाली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी पोर ही!

आईबाबांनो, “हे काय केलंस? झाड निळं असतं का?” असं विचारू नका. “मला याची गोष्ट सांग,” म्हणा. तुकडा सरळ करायला हातही लावू नका. आणि काळा कागद दिसला की लगेच घाबरू नका. कधीकधी तोच तेवढा हाताशी असतो! मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून चित्राच्या मागे लिहून ठेवा.